न ओढणाऱ्या आत्या आणि ‘हत्यारा’ची भीती : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फुप्फुसाच्या कर्करोगावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मी विडी-सिगारेटवर इतका भर दिला की जन्मात तंबाखूला न शिवलेल्या, तरीही फुप्फुसात गाठ निघालेल्या आपल्या आत्यांवरही कुणी संशय घ्यावा, हा पहिला. गाठीला हत्यार लागले की रोग अंगभर पसरतो, आणि तरीही मी सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा (बायोप्सीचा) आग्रह धरतो, हा दुसरा. पहिला आक्षेप मला मान्य आहे. दुसरा मान्य नाही; किंबहुना पहिला खरा असल्यामुळेच दुसरा आपल्या आत्यांना अधिक महागात पडेल.

धूम्रपानाचा दोष मी पदरचा लावलेला नाही. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी इंग्लंडमधील रुग्णालयांतून तो संबंध दाखवला आणि पुढे तो पुन्हा पुन्हा सिद्ध झाला. परंतु हे हिशेब समूहाचे असतात. समोरच्या एका माणसाला रोग कशामुळे झाला, हे त्यांवरून सांगता येत नाही. त्यातही कधीच धूम्रपान न केलेल्या रुग्णांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे बरेच जास्त आहे, हे मी लेखात लिहायलाच हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचे प्रदूषण कर्करोगकारक ठरवले; लोखंडाचे ओतकामही त्याच यादीत आहे, म्हणजे कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘विडी ओढता का’ एवढेच विचारून भागत नाही. चुलीतल्या लाकडाचा धूर मात्र एक पायरी खाली, ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात येतो. त्यामुळे आत्यांच्या आजाराचे सगळे खापर आपण चुलीवर फोडता, तेही मी ठामपणे मान्य करणार नाही.

आता हत्याराविषयी. वीसेक वर्षांपूर्वी कागलकडच्या एका गुऱ्हाळमालकाच्या पत्नी खाकी पाकिटात एक्स-रे घेऊन माझ्याकडे आल्या. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा उजवीकडे वरच्या भागात रुपयाएवढी सावली दिसत होती. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरीही मी टीबीची औषधे सुरू केली, कारण आपल्याकडे अशी सावली बहुतेक वेळा टीबीचीच निघते. तीन महिन्यांनी सावली वाढली होती आणि छातीत पाणी साचले होते. तेव्हा कुठे तुकडा तपासला. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. ती चूक माझी होती.

सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण ती अतिशय विरळ. त्याहून खरा धोका फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा. म्हणून सुई घातल्यावर रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवतात. एवढे पत्करून जे हाती येते ते मोलाचे असते, कारण हा एकच एक रोग नाही. साधारण पंधरा टक्के रुग्णांत तो लहान पेशींचा असतो, झपाट्याने पसरतो आणि त्याच्या उपचाराची भिस्त मुख्यतः केमोथेरपी व रेडिएशनवर असते. उरलेल्यांत, गाठ लवकर सापडली तर फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकणे हा सर्वांत चांगला उपाय.

आत्यांची गाठ मणक्यापर्यंत पोचल्याचे आपण लिहिले आहे, म्हणजे तो मार्ग आता उरलेला नाही. पण धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत ईजीएफआर नावाच्या जनुकातील बदल पुष्कळदा सापडतो, आणि तो असला तर जेफिटिनिब किंवा ऑसिमर्टिनिब यांसारखी रोजची गोळी गाठ आटवू शकते. त्या अवस्थेत ती रोग कायमचा घालवत नाही. तोंडावर पुरळ येते, जुलाब होतात, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गाठ तिला दाद देईनाशी होते. तरीही दम न लागता घरात वावरता येणे थोडे नाही. ही आशा ज्यांना सर्वांत जास्त, त्यांचाच तुकडा आपण तपासू देत नाही आहात.

रक्तावरूनही हा बदल कळतो, मात्र रक्तात तो दिसला नाही म्हणजे नाहीच असे ठरत नाही. तुकडा पाठवताना ईजीएफआरबरोबर एएलके (आणखी एक जनुक) आणि पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचे एक प्रथिन) याही तपासण्या सांगायला हव्यात. आणि शेजारच्या रुग्णाला लागू पडलेली गोळी रिपोर्टाआधीच सुरू करण्याचा विचार आपण लिहिला आहे, तो कृपया सोडून द्यावा. ज्यांच्यात हा बदल नसतो, त्यांना त्या गोळीपेक्षा केमोथेरपीच अधिक उपयोगी पडते.