कियान, मायरा अन् आपला उकंडराव: त्या फॉरवर्डमधलं काय खरं, काय खोटं

सध्या आपल्याकडच्या सगळ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, 'बाळासाठी शुद्ध संस्कृत नावं'. लांबलचक यादी आहे अन् खाली लिहिलंय की उकंड्या, कचरू, सुपडू ही अडाणी लोकांची नावं, त्यांना अर्थ नाही, नाव राशीच्या अक्षरावरूनच पाहिजे नाहीतर पोराला जन्मभर त्रास, अन् २१ दिवसांत नाव दिलं नाही तर जन्माचा दाखला मिळत नाही. ओळखीच्या एका घरी हा मेसेज वाचून आजीनं सुचवलेलं नाव बाजूला सारलं, ते काही मनाला पटलं नाही, म्हणून लिहून राहिलो.

पहिले यादी. कियान म्हणजे 'देवाची कृपा' म्हणे. कियान फारसी आहे, इराणच्या जुन्या कथांमधल्या कयानी राजांवरून आलेलं. मायरा म्हणजे लक्ष्मी नाही, ते इंग्रजी कवितेतून आलेलं नाव आहे. विवान 'सूर्याचा पहिला किरण' लिहिलंय, पण सूर्याचं नाव विवस्वान, गीतेच्या चौथ्या अध्यायात पहिल्याच श्लोकात सापडते. रियांश 'विष्णूचा अंश', यातला अंश खरा, पण विष्णुसहस्रनाम उघडून पाहा, रिया नाही भेटत त्यात. नाव आवडलं तर खुशाल ठेवा राजेहो, कानाला गोड लागते एवढं कारण पुरे, फक्त खोटा अर्थ चिकटवून दुसऱ्याच्या नावाला हलकं म्हणू नका.

आता त्या 'अडाणी' नावांचं. घरात लेकरं जगत नव्हती, एक गेलं, दुसरं गेलं, मग तिसरं झालं की त्याला घडीभर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवायचे अन् शेजारची बाई उचलून आणायची, म्हणजे हे टाकून दिलेलं लेकरू, याच्यावर कोणाची नजर नको, काळाची बी नको. तो झाला उकंडराव. सुपात घातलं तो सुपडू, मागून घेतलं तो भिकू. ज्या मायनं आधीची लेकरं मातीत ठेवली तिनं हे नाव ठेवलं, अन् तुम्ही म्हणता अर्थ नाही? नकुसा मात्र यात धरू नका, ते पोरगी नको म्हणून ठेवलेलं नाव, २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली, ते चांगलंच झालं.

अन् साध्या नावानं माणूस मागे राहते असं वाटत असंल तर आपल्या अमरावती जिल्ह्यात काय घडलं ते पाहा. शेंडगावचा डेबू, बापाचं नाव झिंगराजी, हातातल्या गाडग्यावरून लोकांनी गाडगेबाबा म्हटलं. यावलीचा माणिक, गुरू आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या केलं. आज अमरावतीचं विद्यापीठ एकाच्या नावानं आहे अन् नागपूरचं दुसऱ्याच्या.

राशीच्या अक्षराचं म्हणाल तर २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, अशी १०८ अक्षरं पंचांगात असतात. त्यात आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ येते, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ञ. ङ वरून कोणाचं नाव ऐकलं का कधी? म्हणून तर आपल्यात पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं अन् आत्यानं कानात कुर्र करून सांगितलेलं चालतं नाव वेगळं, ही रीतच आहे. श्रद्धा असंल त्यानं पत्रिकेत अक्षर पाळावं, दुसऱ्याला भेव घालू नये.

राहिला दाखला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २१ दिवस आहेत ते जन्माची नोंद करायला, नावाची नाही. नाव नसलं तरी नोंद होते, १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट टाकता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून. त्यामुळं आजीला, आत्याला विचारायला भरपूर वेळ आहे, नोंद तेवढी ग्रामपंचायतीत वेळेवर करा अन् स्पेलिंग तिथंच तपासून घ्या, मागून बदलायला लय चकरा पडतात.