चार तासांचं अंतर पुरत नाही

‘गोळी आणि ज्यूसमध्ये चार तासांचं अंतर ठेवलं की झालं’ हे तुमच्या औषधं आणि ज्यूसवरच्या लेखातलं वाक्य ग्रेपफ्रूटच्या (पपनसासारखं एक आंबटकडू फळ) बाबतीत चुकीचं आहे, कृपया दुरुस्त करा. बरीच औषधं मोडणारं आतड्यातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम त्यातल्या द्रव्यांनी कायमचं निकामी होतं. नवीन तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर अशी औषधं रक्तात जास्तच उतरतात.

बाबा रक्तदाबासाठी फेलोडिपिन घ्यायचे. ज्यूस सकाळी, गोळी रात्री. तरी घोटे सुजून मोज्यांचे वळ उमटायचे, उठताना भिंत धरावी लागायची. ज्यूसबद्दल कुणी विचारलंच नव्हतं! फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीवरच्या औषधाचं उलट आहे: संत्र्या-सफरचंदाच्या रसाने ते कमी शोषलं जातं, तिथे मात्र अंतर ठेवून भागतं.