८ जीबी पुरते, पण कुठवर?

'शिकायला ८ जीबी रॅम भरपूर झाली' हे 'वेबसाइट बनवायला शिकण्यासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा' यावरच्या लेखातलं वाक्य एचटीएमएल, सीएसएस आणि साध्या जावास्क्रिप्टपुरतं खरं आहे. रिअ‍ॅक्ट (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) सुरू झालं, शेजारी क्रोमचे दहा टॅब आणि विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चढवलं की मशीन धापा टाकतं. कारण डब्ल्यूएसएल २ ला निम्म्यापर्यंत रॅम घ्यायची मुभा आपोआप मिळते. डब्ल्यूएसएल सेटिंग्जमध्ये मेमरीची मर्यादा ३ जीबी करा, मग डब्ल्यूएसएल बंद करून पुन्हा चालू करा. आणि प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर नको, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. नाहीतर पॅकेजेस (प्रोजेक्टला लागणारा तयार कोड) उतरायला फार वेळ लागतो, शिवाय फाइल सेव्ह केली तरी ब्राउझर आपोआप रिफ्रेश होत नाही. नवशिके मग आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतात.

खरा प्रश्न लेखात आलाच नाही: रॅम वाढवता येते का? लातूर-नांदेडच्या दुकानात प्रोसेसरच्या आधी हे विचारा. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आणि स्लॉट नसेल, तर ८ चे १६ कधीच होणार नाहीत. गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड इथे काही कामाचं नाही. लोडशेडिंगमध्ये बॅटरी मात्र लवकर संपते. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नसेल, तर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, पण आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (म्हणजे इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय लागतं का ते बघा. हार्डडिस्क असेल तर एसएसडी बसवाच.