खुलासा: एरोप्रेसमधून एस्प्रेसो निघत नाही
इंदूरच्या मराठी ग्रुपांत मेसेज फिरतोय: एरोप्रेसमध्ये (हातानं दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं नळकांडं) उकळतं पाणी ओता, जोर लावून दाबा, एस्प्रेसो तयार. तसं होत नाही. एस्प्रेसोला, म्हणजे दाबानं काढलेल्या दाट कॉफीला, साधारण 9 बार (हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट) दाब लागतो, हातानं 1 बारही मुश्किलीनं. (लग्नातली ‘एस्प्रेसो’ तर निव्वळ इन्स्टंट पूड, दूध आणि वाफ!) जोर केला की पूड कागदाच्या फिल्टरवर घट्ट बसते, दट्ट्या अडतो, नाहीतर त्याच्या रबराच्या कडेनं कॉफी वर झिरपते.

एरोप्रेसमध्ये साधी कॉफी अशी करा: 15 ग्रॅम पूड, बारीक रव्यापेक्षा किंचित भरड. 200 मिली पाणी, उकळी थांबल्यावर दोनेक मिनिटांनी ओतायचं. 10 सेकंद ढवळा, मिनिटभर थांबा, मग अर्ध्या मिनिटात सावकाश दाबा. ‘फुस्स’ आवाज आला की हात काढा. त्यापुढचे थेंब कडूच.