विंचवाचं बिऱ्हाड आणि दीडशे सीसी

मोटारसायकल बनवणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला. आरसे दिले, मागे दुसऱ्या माणसाला बसायला सीट दिली, आवाज तर मागितला नव्हता तेवढा दिला. फक्त ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या हातात एक पिशवी असते, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. स्कूटरवाला सीट उचलतो, आत वस्तू टाकतो आणि शीळ घालत निघतो. आमच्या सीटखाली टूलकिट आणि एक फडकं मावलं की हाऊसफुल्ल. उरलेलं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर.

या बिऱ्हाडाची सोय करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती लिटरची घेऊ?" लिटर नंतर. आधी वजनकाटा. सॅक पाठीला लावून काट्यावर उभं राहायचं, मग सॅक उतरवून, आणि वजाबाकी करायची. (दुसऱ्या खेपेला दिसणारा आकडा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) लॅपटॉप २ किलो, चार्जर अर्धा, भरलेली बाटली सव्वा, डबा १, रेनकोटचा जोड १, कुलूप-साखळी दीड आणि खुद्द सॅक १. झाले सव्वाआठ किलो. आता दुसरा चार्जर ऑफिसच्या खणात ठेवा, बाटली रिकामी न्या, साखळी पार्किंगच्या खांबालाच राहू द्या. ३ किलो गेले, तेही बॅगेच्या दुकानाची पायरी न चढता. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याच्याकडे विकायला रिकामा खण नसतो.

सव्वापाच किलो उरले तर सॅक चालते. पण कशी लावायची, हे कॉलेजात शिकलेलं इथे विसरायचं. पट्टे ढिले सोडून सॅक कमरेखाली लोंबकळत ठेवली की प्रत्येक वळणावर ती आपल्यामागून अर्धा सेकंद उशिरा वळते. पट्टे आवळायचे, छातीवरचा आडवा पट्टा लावायचा आणि सॅकचं बूड मागच्या सीटला जेमतेम टेकेल इतपत उंची ठेवायची. म्हणजे वजन सीट घेते, खांदे नाही. बूड जास्त टेकलं तर मात्र सॅक वर ढकलली जाते आणि हेल्मेटच्या मागे टकटक करत राहते. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून रबर लावायचं. नाहीतर ताशी ६० च्या वेगाला ती दंडावर असे फटके ओढतात, की शाळेतले मास्तर बरे.

आणि चेन! गाडीची नव्हे, सॅकची. कमानीसारख्या चेनला दोन रनर असतात आणि आपण ते सवयीने मधोमध, अगदी वर आणून भिडवतो. दिसायला छान. पण इंजिनाच्या थरथरीने दोघेही हळूहळू आपापल्या उताराने घसरू लागतात आणि सॅक मागच्या गाडीवाल्याकडे बघून जांभई देते. दोन्ही रनर एकाच बाजूला, पार तळापर्यंत नेऊन ठेवायचे. तिथून खाली जायला जागाच नसते.

सॅकमध्ये कुलूप, पाना, जाडजूड अडॅप्टर असलं काही पाठीच्या बाजूला ठेवू नये. पडलो तर रस्ता आणि मणका यांच्यामध्ये तेच असतं. लॅपटॉप मात्र पाठीशी सपाट लावलेलाच बरा, कारण अख्ख्या गाडीवर सगळ्यात चांगला शॉक अब्झॉर्बर माणूस आहे. खड्डा आला की तो फुटरेस्टवर उभा राहतो. डिक्की उभी राहत नाही.

घामाला वैतागलेला माणूस मग डिक्की बसवायला निघतो, म्हणजे टॉप बॉक्स, सीटच्या मागे बसणारी झाकणाची पेटी. ३० लिटरच्या आसपास एक फुल फेस हेल्मेट मावतं. दोन हवी असतील तर ४५ च्या पुढे. झाकणाच्या आत एक स्टिकर असतो, तो कोणी वाचत नाही. त्यावर वजनाची मर्यादा असते, आणि ती बऱ्याचदा ३ ते ५ किलोच असते. म्हणजे जागा बिऱ्हाडाची, परवानगी रुमालाची. कारण सरळ आहे: पेटी मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि वर लटकते. मागचं टोक दाबलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि वेग वाढला की हँडल नको तिथे नाही-नाही म्हणत मान हलवू लागतं. नाकापेक्षा मोती जड तो असा.

पेटीच्या प्लेटचे बोल्ट पहिल्या आठवड्यात एकदा आणि मग दर महिन्याला आवळायचे. बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं निळं द्रव मिळतं, त्याचा एक थेंब पुरतो. लाल घेऊ नका. ते लावलेला बोल्ट उघडायला आधी तापवावा लागतो. पेटीत फोमची चटई घाला, नाहीतर डबा आणि चमचा वाटभर ताल धरतात. आणि पाय! मागून झोकात टांग टाकायची इतक्या वर्षांची सवय पेटीला ठाऊक नसते. पहिला महिनाभर बूट पेटीवर आणि गाडी साइड स्टँडवरून डुलत, असा रोजचा खेळ असतो.

दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या सॅडल बॅगा ऐटबाज खऱ्या, पण एका बाजूला सायलेन्सर आहे हे त्यांना सांगावं लागतं. नायलॉन साधारण २२० ते २६० अंशांना वितळतं आणि इंजिनातून निघालेला बेंड पाइप त्याहून सहज जास्त तापतो. चार बोटांचं अंतर हवं, आणि तेही माणूस सीटवर बसलेला असताना मोजायचं. गाडी दबली की बॅगही खाली येते. बॅग रिकामी असली की ती सुरकुतून चाकाकडे झुकते, म्हणून रिकामीतही काहीतरी कोंबलेलं असावं. कापडावर लिहिलेलं १०००-डी म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप: ९,००० मीटर धागा १,००० ग्रॅम भरतो. ते घासलं जाण्यापुरतं कामाचं. सायलेन्सरला डेनियर वाचता येत नाही.

टाकीवरची चुंबकाची बॅग घ्यायची तर आधी घरातलं एखादं चुंबक टाकीला लावून बघा. बऱ्याच टाक्यांवर वरून प्लास्टिकचं आवरण असतं. तिथे ती बॅग पहिल्याच गतिरोधकावर राजीनामा देते. शिवाय चुंबक लोखंडाचा कीस गोळा करतं आणि टाकीवर पॉलिश पेपर फिरवतं. फोन हँडलवर लावत असाल तर तेही थरथरीचंच प्रकरण: मोठ्या इंजिनांच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिर राहण्याची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा २०२१ मध्ये खुद्द अ‍ॅपलने दिला होता.

आता पाऊस. सॅकवरचं टोपडं सॅकचं तोंड झाकतं, पाठ नाही. पाणी आपल्या जॅकेटवरून ओघळत सॅकच्या पाठीमागे शिरतं, तळाशी टोपड्यात साठतं आणि लॅपटॉपला कटिस्नान घडतं. टोपड्याला तळाशी भोक आहे का बघा, नसेल तर पाडा. त्याहून बरं म्हणजे आतूनच जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड पिळून दुमडलेली. गुंडाळायच्या तोंडाची बॅग खरोखर पाणी अडवते, पण तोंडाला किमान तीन घड्या बसल्या तर. आपण ती इतकी ठासून भरतो की एकच घडी बसते. रेनकोट सगळ्यात वर ठेवायचा, हे सांगायची गरज नाही. पण तो तळाशीच असतो.

एवढं करून माणूस कोरडा, वेळेवर आणि ताठ पाठीने ऑफिसच्या दारात पोचतो. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात डबा, जॅकेट काखेत, हातमोजे दातांत. समोर दार उघडायचं यंत्र लुकलुकतंय. त्याला दाखवायचं कार्ड सॅकच्या आतल्या कप्प्यात आहे, आणि दोन्ही रनर पार तळाशी.