दिवा बसला, मी उभा

डेन्मार्कमध्ये भाड्याने घर घेतलं की छताला नुसता आकडा मिळतो. दिवा ज्याचा त्याने आणायचा. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडणाऱ्या देशात ही रीत ज्याने पाडली, त्याला एकदा माझ्याकडे अंधारात चहा पाजायचाय. असो. शनिवारी कोपनहेगनच्या जुन्या बाजारात होल्मेगार्डचा दुधी काचेचा टांगता दिवा मिळाला. खोका मिळाला नाही. कागदात गुंडाळून, पोटाशी धरून लोकलमध्ये चढलो.

जागा एकच होती. टेकणार, तोच समोरच्या आजीबाई ओरडल्या, "थांबा!"

या गाडीत आजवर कुणी माझ्याशी बोललेलं नाही. बाईंनी न विचारता कागद बाजूला केला, काचेवर नखाने टिचकी मारली आणि कान लावला.

"होल्मेगार्ड."

"हो ना, मी—"

"विचारत नाहीये, सांगतेय. नवरा वारल्यावर एका काउंटेसने 1825 साली हा कारखाना काढला. दलदलीतलं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची माती, जाळून भट्ट्या चालवल्या. कुठे टांगणार?"

"जेवणाच्या टेबलावर."

"किती उंचीवर?"

"डोकं आपटणार नाही इतक्या."

बाईंनी डोळे मिटून घेतले. घरात कुणी गेल्याचं कळल्यावर मिटतात तसे.

"टेबलापासून साठ सेंटिमीटर. आमच्या डिझायनर हेनिंगसनने 1926 साली तीन छत्र्यांचा दिवा काढला तो कशासाठी? बल्ब डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आणि तुम्ही टांगणार छताला! बरं, तो तिथे ठेवा. गाडी ब्रेक मारते."

'तिथे' म्हणजे माझ्या जागेवर. स्वतःचा मफलर काढून त्यांनी दिव्याभोवती गुंडाळला. मी दांडा धरून उभा. पलीकडचा सायकलवाला म्हणाला, त्याच्या आजीकडे अस्साच होता. कोपऱ्यातल्या गृहस्थांनी पुढे होऊन दिव्याला एका बाजूने हात लावला. डब्यात गप्पांना ऊत आला. मला मात्र कुठला, काय करतोस, एवढंही कुणी विचारलं नाही.

आमच्या डोंबिवली लोकलमध्ये दिव्याला सीट मिळाली नसती, कबूल. चौथ्या सीटवर अर्धं ढुंगण टेकायला मिळालं तरी खूप. पण मुलुंड यायच्या आत माझा पगार, गाव आणि लग्न का जमत नाही हे सगळं विचारून झालं असतं, वर एक स्थळही सुचवलं असतं. इथे मी दर आठवड्याला डॅनिश शिकायला जातो. हवामानावरची वाक्यं तोंडपाठ आहेत, पण म्हणायची कुणापाशी? आणि हा ठोंब्या, तोंडातून शब्द नाही, आल्या दिवशी डबाभर गणगोत!

बाई उतरल्या. मफलर घेतला, दिव्याला थोपटलं. माझ्याकडे बघितलं, ते मी नीट धरलाय ना हे बघायला.

लावला एकदाचा. इथे खिडक्यांना पडदे लावत नाहीत, त्यामुळे अख्ख्या गल्लीला दिसतो. समोरच्या इमारतीतले गृहस्थ आजवर मान वळवून जायचे. काल फुटपाथवर चक्क थांबले. मी पावसाचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात म्हणाले,

"पाच सेंटिमीटर अजून खाली घ्या."