बाडमेरला मुक्काम का केला: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला, घरातल्यांनाही वाचून दाखवला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या तक्रारी आधी थोडक्यात मांडतो. नाताळच्या सुट्टीत तुम्ही सहा जण आमची इनोव्हा घेऊन नाशिकहून राजस्थानला गेलात. ड्रायव्हरने जैसलमेरऐवजी बाडमेरला रात्र काढायला लावली आणि हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले. रस्ता मोकळा असूनही गाडी 80 च्या वर नेली नाही. समला वाळूत गाडी घातली नाही, तनोटहून बॉर्डरवर नेलं नाही. गाडी उभी होती त्या दिवसाचेही किलोमीटर बिलात लावले. आणि शेवटी, 'वाळवंट म्हणून नेलं आणि दाखवल्या बाभळी'.

बाडमेरचं आधी घेतो, कारण खरा राग तिथला आहे.

अहमदाबाद ते जैसलमेर सरळ गेलं तरी सव्वापाचशे किलोमीटरच्या वर आहे. पालनपूर, सांचोर, बाडमेर अशी लाइन. म्हणून बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं की त्या दिवशी पहाटे सहाला निघायचं आणि वाटेत फक्त जेवण. तुम्ही निघालात नाश्ता करून, ऊन चढल्यावर. मग मोढेऱ्याचं सूर्यमंदिर घेतलं, मग पाटणची राणी की वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. दोन्ही बघण्यासारखीच आहेत, मी असतो तर मीही थांबलो असतो. मंदिर सोलंकी राजा पहिल्या भीमदेवाच्या काळातलं आणि वाव त्याची राणी उदयमती हिने तो गेल्यावर बांधलेली, म्हणजे एकाच घरातली दोन कामं एका दिवसात बघून झाली. शंभराच्या जांभळ्या नोटेवर हीच वाव आहे, ते मुलांना दाखवायचं आमच्या ड्रायव्हरकाकांनीच सुचवलं, असं तुम्हीच लिहिलंय. पण एवढी भर घातल्यावर जैसलमेर त्या दिवसात बसत नाही. हे काकांनी पाटणलाच सांगितलं होतं.

बाडमेरला पोहोचेपर्यंत अंधार पडून बराच वेळ झाला होता. पुढे दीडशे किलोमीटर. दिवसा तो रस्ता सुरेख आहे, गुळगुळीत आणि सरळ, आणि धोका नेमका त्यातच आहे. वळण नाही, चढ नाही, त्यामुळे डुलकी लागते. रस्ता दिवसभर तापलेला, रात्री बाजूची वाळू गार पडते, मग गाई डांबरावर येऊन बसतात. उंट मोकळे सोडलेले असतात. समोरून हेडलाइट आला की गडद अंगाचं जनावर दिसतच नाही, आणि उंटाचं धड नेमकं काचेच्या उंचीला येतं, हे ज्याने एकदा पाहिलंय तो दुसऱ्यांदा रात्री निघत नाही. आमचे काका या धंद्यात येण्याआधी पिंपळगावहून कांद्याचे ट्रक घेऊन वर राजस्थान-पंजाबला जायचे. हे रस्ते त्यांना गुगलपेक्षा जास्त कळतात.

शिवाय ते सकाळपासून स्टिअरिंगवर होते. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 च्या कायद्याने मर्यादा घातली होती, दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा. आपल्याकडे ती कोण पाळतो, हा प्रश्न मला विचारू नका. आमच्या गाड्यांवर पाळली जाते. तुमच्या मिस्टरांनी 'मी चालवतो, तुम्ही मागे झोपा' असं सुचवलं, तेही काकांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी त्यांना कामावर ठेवलं नसतं. पिवळ्या पाटीची गाडी चालवायला कोण बसलंय, हे अपघातानंतर विमा कंपनी सर्वात आधी बघते.

हॉटेलची रात्र बुडाली याचं वाईट वाटतं, पण ते पैसे आम्ही भरून देणार नाही. आणि काकांना मी एका शब्दाने बोललेलो नाही, बोलणारही नाही.

80 चं उत्तर छोटं आहे. टॅक्सी परवान्याच्या गाडीला वेगनियंत्रक बसवलेला असतो, त्याच्या वर ती जातच नाही. मागून येणारे पांढऱ्या पाटीवाले भुर्रकन पुढे जातात तेव्हा चीड येते, मान्य.

आता वाळू. समचे धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे ज्या जीपा वाळूवर उड्या मारताना दिसतात त्या चारही चाकांना जोर देणाऱ्या असतात, टायरमधली हवा निम्म्यावर आणलेली असते आणि चालवणारी पोरं तिथलीच असतात. कुठल्या उतारावर वाळू भुसभुशीत आहे हे त्यांना रंगावरून कळतं. आपली इनोव्हा मागच्या दोन चाकांवर चालते, तीही सात माणसं आणि कॅरिअरवर बॅगा घेऊन. दोन मिनिटांत पोटापर्यंत रुतली असती. मग ट्रॅक्टरवाला म्हणेल ती रक्कम. 'एवढी मोठी गाडी असून काय उपयोग' असं तुम्ही लिहिलंय. उपयोग आजी-आजोबांना नाशिकपासून पाय पसरून बसायला झाला.

तनोट. मंदिरापर्यंत सगळ्यांना जाता येतं, मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे. 1965 च्या लढाईत आवारात पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवलेत, तुम्ही फोटो टाकलाच आहे. तिथून पुढे सीमेकडे जायला वेगळी परवानगी लागते. ती ज्याची त्याने ओळखपत्र देऊन काढायची असते, ड्रायव्हरच्या ओळखीवर मिळत नाही. बुकिंगच्या वेळी बॉर्डरचा विषय निघाला असता तर आम्हीच सांगितलं असतं. परत येताना लोंगेवाला मात्र काकांनी दाखवलं, आणि डिसेंबर 1971 मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने रात्रभर पाकिस्तानी रणगाडे कसे रोखले आणि उजाडल्यावर हवाई दलाची हंटर विमानं कशी आली, तेही सांगितलं. रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेख नाही, म्हणून मी करतो.

बिल. रोज किमान 300 किलोमीटरची अट आम्ही लावतो, पण ती एकेका दिवसाला नाही, पूर्ण टूरची सरासरी धरून. तुमच्या टूरचे मीटरवरचे किलोमीटर त्या किमानपेक्षा जास्त भरले, म्हणून बिल मीटरप्रमाणे झालं. जैसलमेरला गाडी उभी होती त्या दिवसाचा एक किलोमीटरही त्यात नाही. फक्त ड्रायव्हरचा भत्ता आहे, कारण गाडी उभी असली तरी माणूस जेवतोच. टोलच्या पावत्या आणि जीपीएसची नोंद नाशिकला द्वारकाच्या ऑफिसात आहे, कधीही येऊन पाहा.

राहिल्या बाभळी. ताई, थरचं वाळवंट असंच आहे. पोस्टरवरच्या धोऱ्यांचे पट्टे असतात. मधल्या जमिनीवर खडक, आक म्हणजे आपली रुई, कैरची झुडपं, वेडी बाभूळ आणि खेजडी. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमी. याच झाडांसाठी 1730 मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला 363 बिष्णोई माणसांनी जीव दिला. आणि रामगढच्या बाजूला मोहरीची शेतं दिसली त्याला कारण इंदिरा गांधी कालवा. पंजाबात सतलज-बियासच्या संगमावरून, हरिकेहून निघालेलं पाणी जैसलमेर जिल्ह्यापर्यंत आणलंय. 1958 मध्ये काम सुरू झालं. आमच्या शेतापर्यंत गंगापूरच्या कालव्याचं पाणी वेळेवर येत नाही, म्हणून मला तर ती मोहरी धोऱ्यांपेक्षा जास्त बघावीशी वाटते. ज्यांना नुसती वाळूच हवी त्यांनी समला किंवा खुहडीला एक रात्र जास्त ठेवावी, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही ती रात्र उदयपूरला दिली.

'पुढच्या वर्षी कच्छला जाणार, पण यांच्याबरोबर नाही' असं शेवटी लिहिलंय. जरूर जा. पांढरं रण पाहायला डिसेंबर ते फेब्रुवारी बरं, त्याआधी पाणी आटलेलं नसतं. रणाजवळच्या धोरडो गावाचा परवाना भिरंडियाराला मिळतो, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. गाडी कोणाचीही घ्या, पाटी पिवळी आहे ना एवढं बघा. आणि धोलाविऱ्याला रणातून जाणारा जो नवा रस्ता आहे, तो दिवस मावळायच्या आत पार करा. ड्रायव्हर नाही म्हणाला तर त्याचं ऐका.

– मालक